झाडं उतरवायचे दिवस

माघ लागला की आमच्या अंगणातला आंबा मोहरतो आणि सूनबाईंची केरसुणी काही खाली बसत नाही. सकाळी झाडून काढलेलं अंगण दुपारपर्यंत पुन्हा पिवळं. ती वैतागते. म्हणते, "आत्याबाई, हे झाड हाय का भुसाचं पोतं?" मी ओट्यावर बसून म्हणते, पडू दे गं, सगळा मोहोर धरला तर फांद्या जागेवर राहतील का? मोहोराच्या वासानं लोक म्हणे खुळावतात. कुणाला माहेर आठवतं, कुणाला आणखी काही. मला त्या वासानं काही होत नाही. नाकाला कळतं, मोहोर आला. एवढंच.

सून अलिबागेकडची, चार इयत्ता शिकलेली, आणि तिला लिहायची भारी खोड. "तुमी बोला, मी उतरवून घेते" म्हणते. तर बोलणं माझं आहे आणि जोडाक्षरं तिची. मध्येच एखादा पुस्तकी शब्द आला तर तो तिच्या पदरात घाला. काल तिनं विचारलं, घरातलं माणूस गेल्यावर अजिबात न रडलेली बाई तुमी कधी पायलीय का? म्हटलं, आमच्याकडं आरसा नव्हता गं, नायतर पायली असती.

मग तिनं पिच्छाच पुरवला. म्हणून त्या एका थंडीचं सांगते.

तेव्हा आम्ही चौक गावाजवळच्या एका वाडीत राहत होतो, खालापूरच्या अंगाला, माथेरानच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. आमचे धनी माळीकाम करायचे. जातीनं आम्ही कुणबी, पण सगळं गाव त्यांना माळीच म्हणायचं. वर डोंगरावर एका पारशी शेठाणीच्या बंगल्यावर ते बाग सांभाळायचे. बाग कसली, कातळावर कधी बाग होते? माती तांबडी आणि मूठभर खोल. पावसात ढग थेट घरात शिरतात, थंडीत वारा कान कापून नेतो. जांभूळ, हिरडा, अंजनी तिथं आपल्या मनानं वाढतात, त्यांना कुणी विचारायला जात नाही. शेठाणीला मात्र आंबा पाहिजे, चिकू पाहिजे, रामफळ पाहिजे, पपनस पाहिजे. समुद्राकाठची बाई ती. छातीच्या दुखण्यासाठी डॉक्टरनं तिला थंड हवेत नेऊन ठेवलं, तर तिनं हट्टानं आपलं माहेर कुंड्यांत भरून वर नेलं. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही.

त्या झाडांची वर्षाची फेरी ठरलेली होती. मृगाच्या आधी कुंड्या खाली उतरायच्या, पावसाळाभर आमच्या पडवीत आणि अंगणात राहायच्या आणि दसरा झाला की पुन्हा वर चढायच्या. त्यांच्यामागं आम्हीही थंडीभर वर बंगल्यावरच राहायचो. ठाकरवाडीची माणसं यायची. जाड बांबूला दोर बांधून मधे कुंडी अडकवायची, पुढं एक, मागं एक, आणि चौकाच्या वाटेनं डोंगर चढायचा. वाऱ्यानं पानं फाटू नयेत म्हणून झाडाला गोणपाट गुंडाळलेलं. दुरून बघणाऱ्याला वाटावं, डोलीतून कुणी आजारी माणूस चाललंय. पारावरचे म्हातारे ओरडून विचारायचे, "निघाली का रं शेठाणीची पोरं?" आता नेरळच्या बाजूनं डोंगर पोखरून वर रेल्वे नेतायत म्हणे. नेऊ देत बापडे. झाडांना सोपं पडेल.

त्या वर्षी भादव्यात माझा रघू गेला. पहिलं मूल. दात येत होते. ताप आला, त्यानं मुठी आवळल्या आणि गेला. याहून जास्त सांगण्यासारखं काही झालं नाही. पाऊस कोसळत होता. एवढ्या लहानग्याला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि बायका तिकडं जात नाहीत. मी उंबऱ्यापर्यंत गेले. धन्यांनी त्याला इरल्याखाली घेतलं, शेजारच्यानं कुदळ घेतली आणि दोघं ओढ्याकडं गेले. पावसात दिसेनासे झाले तेव्हा मी आत आले. चूल विझली होती, ती फुंकून पेटवली. परत आल्यावर त्यांना आंघोळीला पाणी लागणार होतं.

बाया माझ्याभोवती बसून राहिल्या. आता रडेल, मग रडेल. एक म्हणाली, रडव तिला, कोंडलं तर डोस्क्यात जाईल. दुसरीनं रघूची कुंची माझ्यापुढं आणून टाकली. मी ती उचलून घडी घातली आणि फडताळात ठेवली. "अगं बाई, काळीज हाय का दगड!" असं माझ्या तोंडावर बोलल्या. मला राग आला नाही. त्यांचं बरोबरच होतं. मीच आत डोकावून बघत होते, काही हलतंय का म्हणून. काही हलत नव्हतं.

नवरात्राच्या तोंडावर ओढ्याला पूर आला आणि काठ ढासळला, असं पाणवठ्यावर बोलणं निघालं. मी घागर तशीच अर्धी घेऊन घरी आले. धनी कुंड्यांना गेरू लावत होते.

"जागा हाय ना?" मी विचारलं.

"हाय."

"वर दगड हायेत ना?"

"हायेत म्हनलं ना." त्यांनी मान वर केली नाही.

मी पुन्हा विचारलं नाही. पण तिथून एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. दगड वाहून जातात. झाड लागलं, मुळं धरली, की जात नाही. पुढच्या पावसाच्या आत रघूच्या जागेवर झाड लागलं पाहिजे, नाहीतर माझं पोर कुठं आहे हे ह्या जगात कुणालाच ठाऊक राहणार नाही. मला भूक लागत नव्हती, झोप येत नव्हती, रडू येत नव्हतं. पण हे पाहिजे होतं. आणि झाडही दुसरं नको होतं. पडवीत ठेवलेल्या त्या कुंडीतल्या आंब्यापाशी मी त्याला कडेवर घेऊन उभी राहायची. आंब्याला तांबूस कोवळी पानं फुटली होती. रघू ती मुठीत धरून तोंडात घालायला बघायचा आणि धनी ओरडायचे, अगं, शेठाणीचा आंबा खाल्ला पोरानं! तोच आंबा मला पाहिजे होता. आणि तो होता शेठाणीचा. म्हणजे कशात काय नि फाटक्यात पाय.

दसऱ्यानंतर कुंड्या वर निघाल्या. आदल्या वर्षी मी पोटुशी होते, जपून चढले होते. ह्या वर्षी हात मोकळे. धन्यांनी मला पपनसाच्या मागं चालायला सांगितलं, फांद्या सावरायला. वाटेत चोळी भिजली. दूध अजून आटलं नव्हतं. बाकी सगळं अंग गप्प झालं होतं आणि ह्याला कुणी सांगितलंच नव्हतं की पोर गेलं. ठाकरांच्या बरोबर नागी होती, वाडीतली, माझ्याहून मोठी, डोक्यावर पेंढा घेतलेली. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिनं मला झाडीआड नेलं.

"पिळून टाक," ती म्हणाली. "पर वाटंवर नको गं, पायाखाली येतं. झाडाच्या मुळाशी घाल. आमी तसंच करतू. झाड पितं."

मग मी वर बंगल्यावर रोज सकाळी आंब्याच्या कुंडीपाशी जायची, पाठ फिरवून बसायची आणि मुळाशी दूध घालायची. काही वाटायचं का? नाही. गाईची धार काढताना वाटतं तेवढंच. पण दिवसाला एक काम झालं.

थोड्याच दिवसांत आंब्याच्या कुंडीला मुंग्या लागल्या. चिकूला नाही, रामफळाला नाही, आंब्यालाच. धन्यांनी राख टाकली, हळद टाकली. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून बघितली. मुंग्यांनी कुठून वाट काढली देव जाणे. पानं पिवळी पडायला लागली. शेठाणी आरामखुर्चीतून काठी आपटून म्हणायची, "माझ्या आंब्याला काय झाला? तू माळी हाय का हजाम?" धनी खाली मान घालून कुंडीभोवती फिरत राहायचे. शेवटी त्यांनी बोटानं वरची माती उकरली आणि नाकाशी नेली. आंबूस वास. मी जवळच उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या चोळीकडं बघितलं आणि पुन्हा मातीकडं बघितलं.

वरची सगळी माती त्यांनी खरवडून काढली, नवी भरली, हात धुतले. मग म्हणाले, "कुंडीत नको गं. जमिनीत घातलेलं खाली जातं. कुंडीतलं कुठं जाणार? तिथंच नासतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. माझं दूध त्यानंतर आपोआप आटलं. नागीला सांगितलं तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, मी रानातल्या झाडाचं बोलले होते, तुझ्या मडक्यातल्याचं कोण बोललं? नागीचंही चुकलं नव्हतं. आम्ही डोंगराखालची माणसं, झाड म्हटलं की ते जमिनीतच असतं असं धरून चालतो.

आता त्या थंडीची गोष्ट. खाली कर्जतला, चौकाला थंडी पडते ती चादरीपुरती. वर पौषात वारा सुटला की हाडांत शिरतो. जांभळीला त्याचं काही नाही, पण आंब्या-चिकूचं मरण. पानांच्या कडा करपल्यासारख्या काळ्या होतात, शेंडा वाळतो. म्हणून दिवसभर कुंड्या दक्षिणेच्या भिंतीला लावायच्या. ती चिऱ्याची भिंत ऊन पिऊन गरम राहायची. ऊन कललं की गोणपाटात गुंडाळून न्हाणीघरात न्यायच्या, तिथं बंबाची ऊब. सकाळी पुन्हा बाहेर. शिवाय कुंडी रोज थोडी फिरवायची, नाहीतर झाड एकाच अंगाला वाकतं. वाऱ्याच्या बाजूला तट्ट्या लावायच्या. पाणी कोमट करून घालायचं. गावाकडं कुणाला सांगितलं तर हसून मरतील, आंब्याला ऊन पाणी! बारशाच्या पोराचंही एवढं कुणी करत नाही.

हे सगळं मी केलं. लोक म्हणायचे, बरं झालं, झाडांत जीव रमला. कुठला जीव आणि कसलं रमणं. हात काम करायचे. थंडीसुद्धा मला वाजत नव्हती. शेठाणीच्या खानसाम्यानं आपली जुनी बंडी दिली तर मी ती चिकूला बांधली. एकदा पाणी कोमट झालं का बघायला बोट बुडवलं, झालं वाटलं, आणि तांब्या भरून आंब्याकडं निघाले. धन्यांनी वाटेत तांब्या धरला आणि चटका बसून सोडला. "अगं, कढत हाय! मारतीस का काय त्याला?" माझं बोट लालबुंद झालं होतं. मला कळलंच नव्हतं. त्यांनी बोटाला खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी ते स्वतः बघायला लागले.

मला रडवायची सगळ्यांनाच घाई. खानसाम्यानं मला कांदे चिरायला बसवलं, निदान डोळ्यांतून पाणी तरी येईल म्हणून. आलं. कांद्याचं. शेठाणीनं मला पायाशी बसवून आपली गेलेली माणसं एकेक करून सांगितली, आणि सांगता सांगता तीच रडायला लागली, मग खोकायला लागली, मग मला तिची पाठ चोळावी लागली. "तू कशी बाई हाय?" ती म्हणाली. "मी रडते आणि तू पाठ चोळते." म्हटलं, दोघींनी रडून कसं चालंल, बाईसाहेब?

त्याच दिवशी मी तिला आंबा मागितला. मागायचं धाडस वगैरे काही लागलं नाही. ज्याला कशाची भीती वाटायची बंद झालीय त्याला धाडस कशाला?

"आंबा?" ती ताडकन उठून बसली. "माझा आंबा? अगे, खाली तुमच्याकडं आंब्याचा जंगल हाय. त्यातला एक घे."

"हाच पायजे."

"कशाला?"

"पोराच्या जागंवर लावायचाय. पावसाच्या आत."

बाहेर धनी तट्ट्या बांधत होते, त्यांच्या दोरीचा आवाज येत होता. "पारसी लोक झाड नाय लावत मेलेल्यावर," ती म्हणाली. "आम्ही पुरत पण नाय." मग शाल अंगाभोवती ओढली. "थंडी जाऊ दे. आंबा जगला, तर बघू."

धन्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते दोरी हातात धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं, बरं वाटलं असेल. म्हटलं, तुमी जागा दावा, मी झाड जगवते. ते म्हणाले, "व्हय व्हय," आणि तट्टी बांधायला लागले. एकच गाठ त्यांनी दोनदा सोडून बांधली.

थंडी गेली. कशी गेली ते विचारू नका, मला तिचा एकही दिवस दुसऱ्यापासून वेगळा आठवत नाही. रामफळ गेलं. चिकूनं सगळी पानं टाकली आणि नुसती काठी होऊन उभा राहिला, पुढं फुटला. आंबा राहिला. त्याच्या एका बाजूच्या फांद्या काळ्या पडल्या, त्या धन्यांनी छाटून शेण लिंपलं. आणि माघाच्या शेवटी, अंगात एवढंसं त्राण नसताना, त्या खुळ्या झाडाला मोहोर आला.

मोहोर बघून शेठाणी काठी टेकत टेकत अंगणात आली. "आला! आला!" म्हणून टाळ्या पिटल्या बाईनं. डोंगरावर आपल्या झाडाचा आंबा खाईन म्हणून तिनं किती वर्षं काढली होती. धन्यांनी टोपी काढली आणि सांगितलं, "बाईसाहेब, हा खुडायला लागंल."

"का?"

"झाड आत्ता कुठं थंडीतनं उठलंय. फळ धरलं तर झाड जाईल. फळ पायजे का झाड पायजे ते सांगा."

शेठाणीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडातला घास होता तो, मी काय बोलणार? ती पाठ फिरवून आत गेली आणि दिवसभर चहासुद्धा घेतला नाही. पण जाताना म्हणाली, "खुड मेल्या."

धनी मला म्हणाले, "तू खुड." त्यांची बोटं जाड, कोवळा शेंडा मोडेल म्हणून. मी खुडला. तुरा चिमटीत धरायचा आणि अलगद मोडायचा, खालचा डोळा शाबूत ठेवायचा, तिथून पान फुटतं. ओटी भरून मोहोर निघाला. हाताला चीक लागला, वास लागला, तो वास दोन-तीन अंघोळींनी गेला नाही. आयुष्यात मी एवढं कोवळं काही हातानं मोडलं नव्हतं, आणि मोडताना मनात काय होतं तर डोळा शाबूत राहिला पाहिजे. बस. मग अंगणातल्या ह्या पडक्या मोहोराचं मला काय कौतुक असणार, सांगा. सूनबाई झाडते, मी बघते.

वैशाख सरता सरता झाडं उतरवायचे दिवस आले. ठाकर बांबू-दोर घेऊन आले. शेठाणी व्हरांड्यात उभी होती. आंब्याची कुंडी उचलली तेव्हा मला हाक मारून म्हणाली, "ने. तुझा. पण कुंडी परत आण, ती माझ्या बापाच्या घरची हाय." तिचं तोंड असं झालं होतं की मी पाया पडायला वाकले, तर तिनं पाय मागं घेतले. मरणार मरणार म्हणणारी ती बाई पुढं चांगली म्हातारी होईपर्यंत जगली. छाती सुधारली तिची. डोंगरावरचा आंबा तिनं खाल्ला की नाही ते मात्र मला ठाऊक नाही, कारण पुढं आम्ही कर्जतला राहायला आलो.

खाली आल्यावर कुंडी एक रात्र पडवीत ठेवली, तिच्या जुन्या जागी. सकाळी मी घागर भरली आणि पदर खोचला.

"तू कुठं?" धनी म्हणाले. "बायका जात नाय तिकडं."

"झाड सरळ धरायला कोण हाय? एका हातानं धरून एका हातानं माती लोटणार?"

झाडाच्या बाबतीत हा माणूस कधी अडून बसला नाही. ठाकरांनी कुंडी ओढ्याकाठी नेऊन ठेवली आणि ते आपल्या वाटेनं गेले. आम्ही दोघंच उरलो.

ती जागा मी पहिल्यांदा बघत होते. किती दिवस मनात बघून ठेवली होती, त्यापैकी काहीच तिथं नव्हतं. काठ पार ढासळलेला, निम्मा ओढ्यात. सगळीकडं दगड आणि वाळू, आणि पुरानं आणून टाकलेल्या वाळक्या फांद्या. दगडच दगड. कुठला कुणी हातानं ठेवलेला आणि कुठला पाण्यानं लोळत आलेला, हे ब्रह्मदेवाला तरी सांगता आलं असतं का?

धनी पुढं गेले. काठाशी थोडा वेळ उभे राहिले, एकदा खाली वाळूकडं बघितलं. मग तिथून मागं फिरले आणि पाण्यापासून लांब, चढावर आले. सूर्याकडं बघितलं. करंजाची सावली कुठवर येते ते बघितलं. टाच आपटून जमीन बघितली. दोन पावलं सरकले, पुन्हा आपटली. वाकून मूठभर माती घेतली, चुरली, नाकाशी नेली.

"हितंच," ते म्हणाले.

मी माळ्याची बायको. झाडाला जागा शोधताना हा माणूस कसा चालतो, कुठं थांबतो, माती कशी हुंगतो, हे मी नांदायला आल्यापासून बघत होते. ज्याला आपल्या पोराची जागा ठाऊक आहे तो बाप माती हुंगत नाही. तो सरळ चालत जातो. ह्यांनी झाड जगेल अशी जागा शोधली होती. रघूची जागा त्यांच्याजवळ नव्हती. त्या पावसात घोट्याघोट्याएवढ्या पाण्यात खणलं असेल, घाईनं झाकलं असेल, दगड ठेवले असतील, आणि नवरात्राच्या तोंडावरच्या पुरात ओढा सगळं घेऊन गेला असेल. "हाय" म्हणाले होते मला, गेरू लावता लावता. तेव्हापासून पुरी थंडी, सगळ्या तट्ट्या बांधताना, सगळं पाणी कोमट करताना, ह्या माणसानं एकट्यानं ते पोटात ठेवलं होतं.

विचारावं असं ओठावर आलं होतं. खरं सांगा, एवढंच म्हणायचं होतं. ते कुदळ धरून उभे होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

"व्हय, हितंच," मी म्हटलं. "एवढ्या पावसातबी बरी ध्यानात राह्यली तुमाला."

त्यांनी खणायला सुरुवात केली.

खड्डा झाला. कुंडी आडवी करून चहूबाजूंनी थोपटली आणि झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर ओढलं. मुळं कुंडीच्या आतून गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती, पार वेटोळं. धन्यांनी विळा घेतला आणि ती कापायला लागले. मी हात मधे घातला. एवढी थंडी काढून जगवलेलं, आता कापता काय? "सवय लागलीय फिरायची," ते म्हणाले. "नाय कापली तर जमिनीत बी तशीच फिरत बसतील. पुढं जायचीच नाय." मी हात काढून घेतला. त्यांनी कापली. मग मी झाड सरळ धरलं, ते माती लोटत गेले. पायानं दाबायची पाळी आली तेव्हा मी दाबली, कडेनं, बुंध्याला धक्का न लावता. घागर सावकाश रिकामी केली.

आणि धनी मटकन खाली बसले. गुडघ्यांत डोकं घातलं आणि मोठ्यानं रडले. सगळा काठ ऐकेल असे. भादव्यात रडले नव्हते. आमच्या घरात न रडणारी मी एकटी नव्हते, हे गावाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाप्याला कोण विचारतं?

पुढं आम्हाला मुलं झाली, जगली. दर भादव्यात आम्ही दोघं कर्जताहून त्या झाडापाशी जायचो. वाटीभर दूधभात ठेवायचो, घटकाभर बसायचो. आंबा मोठा झाला, आंबट निघाला, गुराखी पोरं पाडून खातात. धन्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही. जाताना त्यांचं पाऊल नेहमी पुढं असायचं, वाट दाखवायला, आणि मी मागून चालायची. ते गेल्याला आता काही वर्षं झाली. रघूसाठी मी अजून रडलेली नाही. ते रडू कुठं बसलंय माझ्यात, मला सापडत नाही.

पण त्या सकाळी, ते तसे रडत असताना, मला माया आली. कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाटलं, आणि ते पोराचं नव्हतं, ह्या माणसाचं होतं. छातीत एवढं दुखलं की मला क्षणभर वाटलं, आता मीही रडणार. रडले नाही. त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हात मातीनं भरला होता, सदऱ्यावर पाची बोटं उमटली.

"उठा," मी म्हटलं. "तुमी बरोबर जागा दावली. उठा आता."